देश बुडाला, खेळ चालू राहिला: याकोव्ह स्मिरनॉफचं प्रकरण

याकोव्ह स्मिरनॉफची गोष्ट सहसा दोन ओळीत संपवतात. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत एक रशियन कॉमेडियन होता, सोव्हिएत युनियनवर जोक मारायचा, मग 1991 ला सोव्हिएत युनियनच संपलं आणि त्याच्यासोबत याचं करिअरही संपलं. ऐकायला मजा येते म्हणून सगळे तेच सांगतात. पण यातला शेवटचा तुकडा चूक आहे, त्यानंतर हा माणूस वीस वर्षांहून जास्त काळ स्वतःच्या थिएटरात, दोन हजारच्या आसपास खुर्च्यांसमोर, वर्षभर शो करत होता. फक्त ते थिएटर न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसला नव्हतं, त्यामुळे कॉमेडीवर लिहिणाऱ्यांना ते दिसलं नाही, बास. दुसऱ्या देशात जाऊन आपल्या उच्चारावर आणि आपल्या मायदेशावर जोक करून पोट भरायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी हे प्रकरण नीट बघावं असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी पार्श्वभूमी. माणूस मुळात रशियन नाहीच. जन्म 24 जानेवारी 1951, ओडेसा, म्हणजे आजच्या युक्रेनमधलं काळ्या समुद्रावरचं बंदर, घर ज्यू, खरं आडनाव पोखिस. ओडेसा हे विनोदासाठीच ओळखलं जाणारं गाव, तिथे 1 एप्रिलला ‘युमोरिना’ नावाचा चक्क विनोदाचा उत्सव भरतो, तोही 1973 पासून. याकोव्ह तिथे चित्रकला शिकवायचा आणि पर्यटकांच्या जहाजांवर कॉमेडी करायचा. तिकडची पद्धत अशी की जोक आधी कागदावर लिहून सरकारी सेन्सॉरकडे द्यायचे, ते पास करणार, आणि मग पास झालेलंच बोलायचं, स्टेजवर ऐनवेळी काही सुचलं तरी तोंड बंद. हे तो पुढे आयुष्यभर अमेरिकन लोकांना सांगत राहिला आणि तेही हसत राहिले. (आपल्याकडे त्याच काळात ‘सोव्हिएत लँड’ या सोव्हिएत नियतकालिकाचे गुळगुळीत कागद शाळेच्या वह्यांना कव्हर घालायला यायचे, त्यातले ट्रॅक्टरवर बसलेले हसरे शेतकरी ज्यांना आठवतात त्यांना हे जोक ऐकताना वेगळीच गंमत येते.)

सत्तरच्या दशकात सोव्हिएत ज्यूंना देश सोडायची परवानगी थोडीफार मिळायला लागली, त्यामागे अमेरिकेचा व्यापाराचा दबाव होता, 1974 च्या जॅक्सन-व्हॅनिक तरतुदीने व्यापारातल्या सवलती थेट स्थलांतराच्या हक्काशी बांधून टाकल्या होत्या. त्या लाटेत 1977 साली याकोव्ह आईवडिलांसोबत अमेरिकेत आला. वय 26, इंग्रजी जवळजवळ शून्य. आता ज्याचा धंदाच बोलण्याचा आहे त्याने भाषा न येणाऱ्या देशात पाय ठेवायचा, म्हणजे विचार करा.

पहिलं काम मिळालं ते न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरातल्या ग्रोसिंगर्स नावाच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये. टेबलावरची उष्टी भांडी उचलायची, नंतर बारमागे उभं राहायचं. स्टेजसाठीचं स्मिरनॉफ हे आडनावही तिथलंच, व्होडकाच्या बाटलीवरून उचललेलं, कारण पोखिस कुणाला म्हणता येईना आणि स्मिरनॉफ प्रत्येक अमेरिकनाला पाठ होतं. ब्रँडिंगचा कोर्स न करता केलेलं ब्रँडिंग.

या ग्रोसिंगर्सवर थोडं थांबायला हवं, कारण माझ्या मते अख्ख्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. कॅट्सकिलच्या या रिसॉर्टना ‘बोर्श्ट बेल्ट’ म्हणायचे. न्यूयॉर्कची ज्यू कुटुंबं उन्हाळ्यात तिथे सुट्टीला यायची, दिवसभर पोहणं आणि खाणं, रात्री गाणी आणि कॉमेडी. अमेरिकन स्टँडअपच्या एका पूर्ण पिढीची तालीम तिथे झाली. त्या धंद्याचा गाभा काय होता, तर दर आठवड्याला पाहुणे बदलायचे आणि कॉमेडियनचा सेट, म्हणजे ठरलेल्या जोकची मालिका, तोच राहायचा. याकोव्ह तिथे पोचला तेव्हा हा प्रकार शेवटच्या घटका मोजत होता, घरोघरी एसी आले, विमानाची तिकीटं स्वस्त झाली, ज्यूंना दुसऱ्या हॉटेलांची दारं उघडली, आणि 1986 मध्ये ग्रोसिंगर्स बंदच पडलं. भांडी उचलता उचलता त्याने तिथे नेमकं काय टिपलं ते मी सांगू शकत नाही, पण पुढे जे केलं ते बघून तो नुसती भांडी उचलत नव्हता एवढं नक्की वाटतं.

मग लॉस एंजेलिस, कॉमेडी स्टोअर नावाचा क्लब. तिथे 1979 मध्ये कॉमेडियन लोकांनी संप केला होता, कारण क्लब त्यांना स्टेजवर चढायचे पैसेच देत नव्हता, ‘इथे टीव्हीवाले बघायला येतात, तीच तुमची कमाई’ असा हिशोब. संपानंतर मिळाले ते एका सेटचे 25 डॉलर. म्हणजे क्लब हा पोट भरायचा मार्ग नव्हताच, तो टीव्हीत शिरायचा दरवाजा होता. याकोव्हचे तेव्हाचे रूममेट होते कॉमेडियन अँड्र्यू डाइस क्ले आणि टॉम विल्सन, हा विल्सन पुढे ‘बॅक टू द फ्यूचर’ मधला दांडगट बिफ झाला.

दरवाजा उघडला तो राष्ट्राध्यक्ष रेगनच्या काळात, आणि धाडकन उघडला. ‘मॉस्को ऑन द हडसन’ (1984) मध्ये रोल, मग आणखी काही सिनेमात छोटी कामं, ‘नाइट कोर्ट’ मालिकेत येणंजाणं, मिलर लाइट बिअरची जाहिरात. त्या जाहिरातीतला जोक सगळ्यांना माहीत आहे, माणूस माहीत नसला तरी: अमेरिकेत तुम्ही पार्टी शोधत जाता, रशियात पार्टी (म्हणजे कम्युनिस्ट पक्ष) तुम्हाला शोधत येते. दुसरा त्याचा गाजलेला जोक दुकानातला. अमेरिकेत पहिल्यांदा सामान आणायला गेलो, तर दुधाची पावडर, पाणी घाला की दूध, पुढच्या फळीवर संत्र्याच्या रसाची पावडर, पाणी घाला की रस, आणि मग बघतो तर काय, बेबी पावडर! आणि मग त्याचं ते ठरलेलं वाक्य, ‘व्हॉट अ कंट्री!’

याच वाक्याच्या नावाने 1986 ला मालिका आली, नागरिकत्वाची परीक्षा देणाऱ्या परदेशी लोकांचा वर्ग, याकोव्ह त्यात टॅक्सी ड्रायव्हर. आपल्या लोकांसाठी एक भारी माहिती म्हणजे त्या वर्गात एक पाकिस्तानी विद्यार्थी आहे आणि तो रोल केलाय टेनिसवाल्या विजय अमृतराजने. मालिका एकच सीझन चालली. त्याच वर्षी 4 जुलैला, स्टॅच्यू ऑफ लिबर्टीची शंभरी साजरी होत असताना, याकोव्ह खरोखरचा अमेरिकन नागरिक झाला. 1988 मध्ये व्हाइट हाऊस कव्हर करणाऱ्या पत्रकारांच्या वार्षिक डिनरला मुख्य कॉमेडियन तोच. रेगनला सोव्हिएत जोक जमवायचा नादच होता आणि त्याचे भाषण लिहिणारे लोक याकोव्हकडून जोक मागवायचे. कॉमेडियनसाठी यापेक्षा वरची पायरी कुठली असणार.

आणि इथेच गोची होती. त्याच्या मटेरियलचा कच्चा माल दुसऱ्याच देशाच्या हातात होता. सोव्हिएत नेते म्हणून गोर्बाचेव्ह आले, हसायला लागले, बर्लिनची भिंत पडली, आणि प्रत्येक बातमीसोबत याकोव्हचा एकेक जोक जुना होत गेला. 25 डिसेंबर 1991 ला गोर्बाचेव्हनी राजीनामा दिला आणि तो देशच उरला नाही. टीव्हीला कालच्या शत्रूवरचे जोक नको असतात. चाळिशीच्या माणसाला फोन यायचे बंद झाले.

आता योगायोग बघा. त्याच महिन्यात, डिसेंबर 1991 मध्ये, सीबीएस या अमेरिकन टीव्ही चॅनलच्या ‘60 मिनिट्स’ कार्यक्रमाने मिझुरी राज्यातल्या ब्रॅन्सन नावाच्या गावावर एक रिपोर्ट दाखवला. ओझार्क डोंगरातलं गाव, तेव्हा वस्ती चार हजारसुद्धा नाही, आणि मधून जाणाऱ्या हायवे 76 वर दोन्ही बाजूंनी थिएटरं. 1959 पासून तिथे बाल्डनॉबर्स नावाची मंडळी गाणी आणि गावरान विनोदाचा शो करत होती, 1960 ला सिल्व्हर डॉलर सिटी नावाचं मनोरंजन पार्क आलं, 1967 ला प्रेस्ली कुटुंबाने हायवेवर थिएटर बांधलं (एल्व्हिसचे कुणी नव्हेत), 1983 ला कंट्री गायक रॉय क्लार्कच्या नावाचं थिएटर आलं आणि मग मोठी नावं यायला लागली. त्या रिपोर्टनंतर तर बसेसची रांगच लागली. आजही गावाची वस्ती बारा-तेरा हजारच आहे, पण पर्यटक लाखांनी येतात. पूर्व विदर्भातलं झाडीपट्टी नाटकांचं गाव वडसा म्हटल्यावर मुंबई-पुण्याच्या नाटकवाल्यांच्या चेहऱ्यावर जे भाव येतात आणि तिथे झाडीपट्टीत मात्र रात्र रात्र मंडप भरलेले असतात, साधारण तसं ब्रॅन्सनचं हॉलिवूडशी नातं.

याकोव्ह 1993 च्या सुमारास तिथे गेला आणि तिथेच राहिला. ‘थकलेला स्टार शेवटी कुठेतरी आडगावात जातो’ असं हे वाचता येतं आणि शहरातल्या लोकांनी तसंच वाचलं. मी उलट वाचतो. त्याने ब्रॅन्सनमध्ये जोक बदलले नाहीत (निदान सुरुवातीला तरी फारसे नाही), गिऱ्हाईक बदललं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे थिएटरचा मालक स्वतः झाला.

गिऱ्हाईक कोण होतं ते बघा. मिडवेस्टमधून, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या राज्यांमधून, एका दिवसाच्या ड्राइव्हवरून येणारे लोक, बसने ग्रुप बुकिंग करून आलेली रिटायर्ड मंडळी, आणि माजी सैनिक, त्यांच्यासाठी ब्रॅन्सन दर नोव्हेंबरला वेगळा सोहळाच करतं. हे लोक शाळेत अणुबॉम्बच्या सरावात बाकाखाली लपलेले, कुणी कोरियात लढलेलं, कुणी जर्मनीत छावणीत राहिलेलं. टीव्हीच्या दृष्टीने सोव्हिएत युनियन ही शिळी बातमी होती. या लोकांच्या दृष्टीने ते त्यांचं तरुणपण होतं. फर टोपी घातलेला, जड उच्चारात बोलणारा माणूस स्टेजवर येऊन सांगतो की तुम्ही ज्यांना घाबरत होता ना, त्यांच्याकडे टॉयलेट पेपरसाठी रांग होती, आणि तुमच्याकडे यायला मी जिवाचं रान केलं, तर त्याला टाळ्या पडणारच, आणि नुसत्या टाळ्या नाही, लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे.

आता मालकीचं. क्लबमध्ये कॉमेडियन भाड्याचा असतो, टीव्हीवर तर त्याहून. ब्रॅन्सनची पद्धत अशी की कलाकाराचं नाव थेट इमारतीवर असतं, बऱ्याचदा थिएटर त्याचंच, तिकीट खिडकी त्याची, मध्यंतरात लॉबीत विकल्या जाणाऱ्या कॅसेट-टीशर्ट त्याचे, आणि शो संपल्यावर तो स्वतः लॉबीत उभा राहून फोटो काढतो, सही देतो. याकोव्हने मिझुरीच्या हायवेवर आपल्या चेहऱ्याचे इतके होर्डिंग लावले की तिकडून गाडी चालवत गेलेल्या माणसाला त्याचा शो बघितला नसला तरी चेहरा पाठ असायचा. कामाची शोधाशोध नाही, एजंट नाही, चॅनलच्या साहेबाचा मूड नाही. दोन हजार खुर्च्यांचं थिएटर अर्धं भरलं तरी हजार माणसं, आणि तेही एका शोला.

माझा मुख्य मुद्दा इथे येतो. स्टँडअपमध्ये काहीतरी सतत बदलावं लागतं, एकतर मटेरियल किंवा समोरची माणसं. टीव्हीवर एक जोक एका रात्रीत सगळा देश ऐकतो आणि तो जोक मेला, मग नवीन आणा. क्लबमध्येही नेहमीचे लोक ओळखतात. पण सुट्टीच्या गावात समोरची माणसं रोज आपोआप बदलतात, बेबी पावडरचा जोक आज हजार जणांनी ऐकला, उद्याच्या हजारांना तो नवीनच आहे, आणि ज्यांनी टीव्हीवर ऐकला होता ते तर तो ऐकायलाच आलेत, नाही सांगितला तर चिडतील. ग्रोसिंगर्सचा धंदा हाच होता. तिथे उष्टी उचलणारा पोरगा पंधरा वर्षांनी त्याच धंद्याच्या दुसऱ्या आवृत्तीत मालक झाला, आणि यावेळी गिऱ्हाईक न्यूयॉर्कचे ज्यू नसून मिडवेस्टचे ख्रिश्चन होते, याची गंमत त्याला स्वतःला किती वाटली असेल कुणास ठाऊक.

हे त्याला एकट्यालाच सुचलं असंही नाही. त्याच हायवेवर जपानमधून आलेला शोजी ताबुची फिडल (व्हायोलिन) वाजवून प्रचंड मोठं थिएटर चालवत होता, ओसाकात कॉलेजात असताना कंट्री गायक रॉय अकफचा शो बघून हा कंट्री म्युझिकच्या नादी लागला आणि थेट अमेरिकेत आला. त्याच्या थिएटरातली बाथरूम बघायला लोक जायचे इतकी ती नटवलेली होती, खोटं नाही. म्हणजे ज्या गावाला शहरी लोक ‘गोऱ्या म्हाताऱ्यांचं लास व्हेगस’ म्हणून नाक मुरडायचे तिथली दोन मोठी नावं परदेशात जन्मलेल्यांची होती. याचं उत्तर मला वाटतं असं की त्या गावाला परदेशी माणूस चालतो, पण त्याने अमेरिकेवर प्रेम करायला हवं, आणि तेही मोठ्या आवाजात.

ही किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. याकोव्हवर नेहमीची टीका हीच की हा यजमानांना खूश करतो, ‘व्हॉट अ कंट्री’ म्हणजे टाळ्या मागायचं मशीन. अर्धी टीका मला पटते. इतकी वर्षं त्याच देशात काढूनही त्या देशाबद्दल एकही बोचरं वाक्य स्टेजवर न बोलणं हे जरा अतीच. पण उरलेली अर्धी पटत नाही, कारण जो माणूस जोक आधी सेन्सॉरकडून पास करून घेत होता त्याची कृतज्ञता नाटकी आहे असं म्हणायला आपण कोण? आणि तो बेबी पावडरचा जोक पुन्हा ऐका, त्यात वेडा ठरतो तो नवखा माणूस हे खरं, पण तो ज्या दुकानात उभा आहे ते दुकानही थोडं वेडंच दिसतं. दुसरी किंमत ओळखीची. ओडेसाचा ज्यू माणूस जन्मभर ‘रशियन’ म्हणून विकला गेला, कारण अमेरिकन प्रेक्षकाकडे तेव्हा तो एकच शब्द होता. 2022 नंतर, ओडेसावर रशियन क्षेपणास्त्रं पडायला लागल्यावर, ते जुने व्हिडिओ बघताना हे फारच खटकतं.

मध्येच एक गोष्ट सांगून टाकतो, ती या हिशोबात कुठेच बसत नाही. 11 सप्टेंबर 2001 च्या रात्री त्याने एक चित्र काढायला घेतलं, मूळचा चित्रकलेचा मास्तर ना. पहिल्या वर्षश्राद्धाच्या आधी स्वतःचे सुमारे एक लाख डॉलर घालून त्याचं 200 फूट बाय 135 फुटाचं भित्तिचित्र करून घेतलं आणि ते वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागेसमोरच्या एका इमारतीवर लागलं, नोव्हेंबर 2003 पर्यंत होतं, मग वादळाने फाटलं म्हणून काढलं. अट एकच, चित्रकाराचं नाव टाकायचं नाही. हायवेभर स्वतःचं तोंड चिकटवणारा माणूस हा, त्यामुळे मला हे जास्तच लक्षात राहिलं.

धंद्याकडे परत. देशावरचं मटेरियल कितीही ताणलं तरी संपतं, ते आठवणाऱ्या पिढीसोबत संपतं. याकोव्हला हे वेळेत कळलं. तोवर त्याचा घटस्फोट झाला होता, आणि त्याने शोचा विषय हळूहळू नवराबायकोकडे नेला. त्याचं म्हणणं साधं आहे, लग्न ठरायच्या आधी दोघं एकमेकांना हसवायला धडपडतात, लग्न झालं की ती मेहनत बंद होते, आणि घरातलं हसणं कमी झालं की समजा काहीतरी बिनसलंय. हे त्याने नुसतं स्टेजवर बोलून सोडलं नाही, 2006 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पॉझिटिव्ह सायकॉलॉजीत (माणूस आनंदी कशाने राहतो याचं मानसशास्त्र) मास्टर्स केलं, पुढे पेपरडाइन विद्यापीठातून डॉक्टरेट. पन्नाशी ओलांडल्यावर. मिझुरीतल्या विद्यापीठात ‘हास्याचा धंदा’ अशा अर्थाचा कोर्सही शिकवला. 2003 मध्ये याच विषयावरचा एकपात्री शो घेऊन ब्रॉडवेवर थोड्या दिवसांसाठी जाऊन आला, आणि परत आपल्या हायवेवर. जोडपी हा विषय यासाठी हुशार की ब्रॅन्सनला बसमधून उतरतात तीच मुळी जोडपी, चाळीस-चाळीस वर्षं संसार केलेली, आणि हा विषय कुठला देश बुडाल्याने बुडत नाही.

वर्षभर रोजचा शो त्याने 2015 ला थांबवला, वय 64. त्याचा लॉस एंजेलिसचा रूममेट डाइस क्ले 1990 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरवत होता आणि काही वर्षांत घसरला, त्याच्यावर अजून लेख येतात. याकोव्हचं नाव आज तरुण पोरांना माहीत आहे ते ‘सोव्हिएत रशियात अमुक तुम्हाला तमुक करतं’ या मीममुळे, आणि गंमत म्हणजे तो ढाचा त्याने शोधलेलाच नाही, त्याच्याही आधी तो अमेरिकन स्टेजवर होता. नाव मात्र याचं चिकटलं.

आपल्याकडच्या, म्हणजे अमेरिकेत राहून मराठीत किंवा मराठी माणसांसमोर कॉमेडी करू पाहणाऱ्यांना एक सावधगिरीची गोष्ट. महाराष्ट्र मंडळांचं सर्किट याच्या बरोब्बर उलटं आहे. गणपती, दिवाळी, संक्रांत, दोन वर्षांतून एकदा बीएमएमचं (बृहन्महाराष्ट्र मंडळाचं) अधिवेशन, आणि समोर दरवेळी तीच चारशे माणसं, ज्यांना तुमचा देसी ग्रोसरीचा जोकही पाठ आहे आणि तुमची बायकोसुद्धा ओळखीची आहे. तिथे प्रेक्षक बदलत नाही, त्यामुळे दरवर्षी तासाभराचं नवीन मटेरियल लिहावं लागतं किंवा गावं बदलत फिरावं लागतं, आणि गावं तरी किती, पन्नास-साठ मंडळं झाली की यादी संपली. याकोव्हचा हिशोब लावायचा असेल तर आधी अशी जागा शोधा जिथे लोक तुमच्यासाठी नाही तर सुट्टीसाठी येतात आणि रात्री त्यांना करायला काही नसतं, मग तिथे भाडं परवडतंय का बघा, आणि जोक त्यानंतर.